बुलडोझर येण्याआधीचे साठ दिवस

राज्य शासनाने मे 2025 मध्ये नवे गृहनिर्माण धोरण मंजूर केले. ‘माझे घर, माझा अधिकार’ हे त्याचे ब्रीद आणि 2030 पर्यंत 35 लाख घरे हे उद्दिष्ट. आकडा मोठा आहे. पण ही घरे शहरात नेमकी कुठे आणि कुणाला उठवून उभी राहणार, हे बऱ्याच अंशी शहराच्या विकास आराखड्यात ठरते. आराखडा बनत असताना आपले कार्यकर्ते सहसा तिथे नसतात. आपण पोहोचतो ते बुलडोझर आल्यावर.

1966 च्या नगररचना कायद्याप्रमाणे दर वीस वर्षांनी आराखडा सुधारावा लागतो. प्रारूप प्रसिद्ध झाले की हरकती-सूचना मागवायच्या, नियोजन समितीने सुनावणी घ्यायची. मुंबईत त्यासाठी साठ दिवस मिळाले होते. फेब्रुवारी 2015 च्या प्रारूपात चुकाच इतक्या होत्या की हजारो हरकती आल्या आणि एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांना ते दुरुस्तीसाठी परत पाठवावे लागले. सुधारित प्रारूप मे 2016 मध्ये आले, 2018 मध्ये आराखडा लागू झाला. म्हणजे लोक बोलले तर आराखडा हलतो.

पण बोलले कोण? सोसायट्या, वास्तुविशारद, इंग्रजी अहवाल वाचू शकणारे नागरिक गट. वस्त्यांमधून नेटाने बोलले ते ‘हमारा शहर मुंबई’ अभियानातले लोक, कारण ते प्रारूपाची वाट बघत बसले नव्हते. जमीन-वापराचे नकाशे आले तेव्हापासून ते तपासत होते. 2011 च्या जनगणनेनुसार मुंबईत सुमारे 52 लाख लोक, म्हणजे जवळपास 42 टक्के, झोपडपट्टीत राहत होते. एवढ्या लोकांनी साठ दिवसांत नकाशा वाचायला शिकायचे, हरकत लिहायची आणि रोजगार बुडवून सुनावणीला जायचे, ही अपेक्षाच मुळात चुकीची आहे.

एका वस्तीत आम्ही असाच नकाशा घेऊन बसलो होतो. संपूर्ण वस्ती म्हणजे एका रंगाचा डाग. एक आजी बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “बाळा, यात आपलं विहार कुठं हाय?” विहार नव्हते. बालवाडी नव्हती, पाण्याचा नळ नव्हता, दोन पिढ्या चालवलेले चपलांचे दुकान नव्हते. जे नकाशावर नाही, ते वाचवण्यासाठी पुढे कोणत्या कागदावर बोट ठेवणार?

घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगराकडे म्हणूनच लक्ष हवे. 11 जुलै 1997 च्या गोळीबारात तिथे दहा जणांचे प्राण गेले. आज तिथे झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आणि एमएमआरडीए मिळून हजारो घरांचा पुनर्विकास करत आहेत. पूर्व मुक्त मार्ग ठाण्याकडे नेण्याचा रस्ताही याच भागातून जातो. पक्के घर कुणाला नको? आमचाही विरोध नाही. पण खासगी विकासकाच्या योजनांत 51 टक्के संमती गोळा केली की लोकसहभाग झाला असे मानण्याची सवय लागली आहे, ती आम्हाला खटकते. संमतीपत्रावर सही मागतात तेव्हा 300 चौरस फूट ठरलेले असतात, मजले ठरलेले असतात. 1 जानेवारी 2000 पूर्वीच्यांना मोफत, 2011 पर्यंतच्यांना पैसे भरून, हेही ठरलेले असते. त्यानंतर आलेले भाडेकरू, नवी जोडपी यांना विचारतो कोण? (अपात्र ठरलेल्यांची आंदोलने आपण करतोच, पण फार उशिरा.)

गावात निदान ग्रामसभा असते, तिथे आपला आवाज कितपत ऐकतात ही गोष्ट वेगळी. गावकुसाबाहेरून शहरात आलो आणि तीही गेली. 2009 मध्ये महाराष्ट्राने शहरांसाठी क्षेत्रसभेची तरतूद केली. तुमच्या प्रभागात ती कधी भरल्याचे आठवते का? नव्या नगरसेवकांना हा प्रश्न जयंतीच्या मंचावर विचारायला हरकत नाही, वर्गणीबरोबरच.

आमच्या गटाने दर रविवारी वंदनेनंतर विहारात प्रभागाचा नकाशा पसरायला सुरुवात केली आहे. गल्लीगल्लीत फिरून नळ, शौचालय, अंगणवाडी, दुकान, भाडेकरूंच्या खोल्या पेन्सिलने मांडायच्या आणि प्रत्येक घराची हरकत वेगळी, मराठीत लिहून ठेवायची. पहिल्या रविवारी अकरा जण आले. त्यात सात बाया होत्या, आणि नळ कुठे कुठे आहेत हे त्यांनाच पाठ होते.