पोच घेतली का?



औंढ्याला नागनाथाच्या देवळात तुमच्यातले कितीतरी जण गेले असतील. तिथे गाइड नसला तरी कुणीतरी मोठं माणूस सांगतंच, "हे हेमाडपंती बांधकाम बरं का!" आपण मान डोलावतो आणि भिंतीवरची शिल्पं बघत पुढे सरकतो. पण हा हेमाडपंत होता कोण? गवंडी? पाथरवट?

छे! तो होता कचेरीतला माणूस. तेराव्या शतकात देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांच्या दरबारात हेमाद्री पंडित 'श्रीकरणाधिप' होता. आजच्या भाषेत सांगायचं तर सगळ्या दप्तराचा मुख्य! मोडी लिपी त्यानेच रूढ केली, असं परंपरा सांगते. अभ्यासकांचं त्यावर एकमत नाही. पण मोडी ही खास कचेरीची लिपी होती, यात मात्र वाद नाही. आधी कागदभर आडव्या रेघा ओढून घ्यायच्या आणि मग बोरू शक्य तितका न उचलता भराभर लिहीत सुटायचं. कुणाला कोणता मायना लिहायचा, कागदपत्र कसं मांडायचं, हे सांगणारं 'मेस्तक' नावाचं टिपणही हेमाडपंताच्या नावावर चालत आलंय. तेव्हा 'ऑफिसचं काम' ही काही परवा कॉम्प्युटरबरोबर आलेली गोष्ट नाही. आपल्या भागात तिला सातशे वर्षं झाली.

हिंगोलीची गंमत तर आणखीच. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि सरकारी कागद उर्दूत चालत. त्यामुळे इथल्या जुन्या घरांतल्या ट्रंकांमध्ये आजही असे कागद निघतात, जे घरातल्या कुणालाच वाचता येत नाहीत. २०२३ मध्ये मराठवाड्यात जुन्या कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणारी माणसं शोधावी लागली. कागद जपून ठेवला होता; वाचणारा सांभाळायचा राहून गेला! अर्ज, दाखला, नक्कल, हरकत, तहसील, दप्तर हे शब्दही फारसी-अरबीतून आलेले, आणि अजून आपल्या जिभेवर ठाण मांडून आहेत.

आता तुमच्याकडे वळतो. तुम्ही शाळेत पत्र लिहिता. मागणीपत्र, विनंतीपत्र, तक्रारपत्र. सर ते तपासतात, गुण देतात, संपलं. ते पत्र कुणी उघडत नाही, त्याला उत्तर येत नाही. खरं सांगू? मला हे पटत नाही. पोहायला शिकवायचं आणि पाण्यात उतरू द्यायचं नाही, असला प्रकार झाला हा. म्हणून आज एक खरंखुरं पत्र लिहू.

समजा, तुम्ही सेनगाव तालुक्यातल्या एका गावात राहता. शाळा दूर आहे. सकाळची एस. टी. कधी येते, कधी येतच नाही. पहिले दोन तास बुडतात. मुलगे कुणाच्या तरी मोटारसायकलवर लटकून जातात. मुलींना घरचे म्हणतात, "राहू दे आजचा दिवस." असे दिवस वाढत जातात आणि एखादीची शाळाच सुटते. आता आगार व्यवस्थापकांना अर्ज करायचा. बहुतेक जण काय लिहितात?

"आमच्या गावाला एस. टी. वेळेवर येत नाही. त्यामुळे विद्यार्थ्यांचे अतोनात हाल होत आहेत. तरी आपण जातीने लक्ष घालून सहकार्य करावे, ही नम्र विनंती."

भाषा छान आहे हो! पण व्यवस्थापकांनी करायचं काय? कोणतं गाव? कोणती गाडी? कधीपासून? किती उशीर? त्यांच्या टेबलावर असे दहा 'अतोनात हाल' पडलेले असतात. आता हे वाचा :

"विषय : सकाळी ९.१५ च्या गाडीच्या अनियमित वेळेबाबत. आमची शाळा १०.३० ला भरते. १ जुलैपासून शाळेच्या १२ दिवसांपैकी ८ दिवस ही गाडी १० नंतर आली व २ दिवस आलीच नाही. तारखांची यादी सोबत जोडली आहे. आमच्या गावचे ३१ विद्यार्थी याच गाडीने येतात. त्यांत १९ मुली आहेत. गाडी ९.३० पूर्वी गावात पोचेल अशी व्यवस्था करावी, ही विनंती."

पहिल्या अर्जापेक्षा हा फार मोठा नाही, पण याला 'बघू' म्हणून बाजूला सारणं अवघड आहे. आणि हा लिहायला भाषेचा पंडित लागत नाही. बारा दिवस स्टँडवर वही घेऊन उभं राहणारा एक जण लागतो. तारीख आणि गाडी आल्याची वेळ टिपायची, बस्स. वर्गात अक्षर छान असलेला कुणीतरी असतोच. पण ही वही ठेवणारा, किंवा ठेवणारी, जास्त महत्त्वाची. (अक्षर छान असणाऱ्यांनी रागावू नये.)

अर्जावर तारीख, तुमचा पूर्ण पत्ता आणि सह्या हव्यात. आणि दोन प्रती. दोन कशाला? एक कचेरीत द्यायची आणि दुसरीवर पोच घ्यायची. कचेरीत आलेले आणि गेलेले कागद जिथे नोंदवतात, त्याला 'बारनिशी' म्हणतात. तिथे तुमच्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घालून मागायचा. लाजायचं नाही. "सर, पोच द्या" एवढं म्हणायचं. महिन्याने कुणी म्हणालं, "असा अर्ज आमच्याकडे आलाच नाही", तर तो क्रमांक पुढे करायचा. आमच्याकडची पुष्कळ साधी माणसं इथेच मार खातात. अर्ज देतात, हात जोडतात आणि रिकाम्या हाताने परत येतात.

ई-मेल केली तरी नियम तोच. विषयाची ओळ रिकामी सोडू नका. जोडलेल्या फोटोचं नाव 'स्कॅन ०००१' असेल, तर ते बदलून 'गाडीच्या तारखा जुलै' असं करा. आणि पाठवलेली मेल पुसू नका, तुमची प्रत तीच. मोबाइलवरच्या मेसेजमध्ये "सर बसचं बघा ना" एवढं लिहून ढीगभर हात जोडले, तर त्याला अर्ज म्हणत नाहीत!

पत्त्याचंही एक सांगायचंय. औंढा नागनाथ आपल्या जिल्ह्यात. औंध साताऱ्याकडे, आणि आणखी एक औंध पुण्यात. रोमन लिपीत लिहिताना शेवटचा 'ए' गळला, की आपला औंढा थेट औंधला जाऊन बसतो. वसमतचं तसंच. कुणी 'बी'ने लिहितं, कुणी 'व्ही'ने, कुणी 'डब्ल्यू'ने. या गोंधळावर उतारा काढला तो एका मराठी माणसानेच. श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्र सरकारच्या दळणवळण खात्यातले अधिकारी, आणि संस्कृतात कविता-नाटकं लिहिणारे पंडितही. त्यांच्या कल्पनेतला पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. हिंगोलीचा पिन ४३१५१३. त्यातला पहिला ४ महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड या पट्ट्याचा. पहिले तीन आकडे मिळून टपाल वर्गीकरणाचा जिल्हा. शेवटचे तीन पोस्ट ऑफिसचे. गावाच्या नावाचं स्पेलिंग चुकलं, तरी आकडे पत्राला घरी आणतात.

माणसांच्या नावांना मात्र पिनकोड नाही! शाळेच्या दाखल्यावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं. मग शिष्यवृत्ती अडकते आणि हेलपाटे सुरू होतात.

आता थोडं टायपिंगविषयी. शोल्स नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी १८६८ मध्ये टाइपरायटरचं पेटंट घेतलं. आपल्या देशात गोदरेजने १९५५ मध्ये तो बनवला. मराठीसाठी मात्र हे यंत्र फार चेंगट. आपली अक्षरं, मात्रा, जोडाक्षरं किती आणि बटणं किती! मग युक्ती काढली. 'ख', 'भ', 'ध' अशी काही अक्षरं अर्धी छापायची आणि पुढे काना ओढून पुरी करायची. 'वि' लिहायचं तर आधी वेलांटी, मग 'व'. तालुक्याच्या गावी टायपिंग क्लासमधून दिवसभर तो खडखडाट ऐकू यायचा. महाराष्ट्रात टाइपरायटरवरची सरकारी परीक्षा शेवटची झाली २०१७ च्या ऑगस्टमध्ये. आता ती कॉम्प्युटरवर होते. लिपिक-टंकलेखकाच्या सरकारी जागेला मिनिटाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांचा वेग लागतो.

तुम्ही नव्याने शिकणार असाल, तर 'इनस्क्रिप्ट' शिका, असं मी सांगेन. १९८६ मध्ये सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ही रचना ठरवली. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. 'क' जिथे, तिथेच शिफ्ट दाबला की 'ख'. आणि 'वि' लिहायचं तर बोलतो तसंच, आधी 'व', मग वेलांटी. शाळेत कॉम्प्युटर बंद पडलेले असतील, तर पुठ्ठ्यावर बटणं आखून घ्या. 'एफ' आणि 'जे' च्या जागी एकेक मुगाचा दाणा चिकटवा. खऱ्या बटणांवर तिथे बारीक उंचवटा असतो, न बघता बोटं ठेवता यावीत म्हणून. रोज वीस मिनिटं, आणि खाली बघायचं नाही!

या आठवड्याचं काम : घरातल्या एका माणसाचे जमतील तेवढे कागद, म्हणजे दाखला, आधार, पासबुक, सातबारा, त्यांच्यासमोर बसून बघा. प्रत्येकावर नाव जसंच्या तसं एकाखाली एक उतरवा. मूळ कागद लगेच परत जागेवर ठेवा. किती तऱ्हा निघाल्या, तो आकडा आम्हाला कळवा. नाव नको, क्रमांक तर मुळीच नको, फक्त आकडा. आणि हो, पत्रावर तारीख, पत्ता अन् पिनकोड घालायला विसरू नका. पोच आम्ही देऊ!