कात्री कुणाच्या हातात?

ऑक्टोबर उजाडला की दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत गोडी छाटणीची धांदल सुरू होते. सुरगाणा, पेठकडून मजुरांच्या टोळ्या येतात. नवरा, बायको, पाठीशी बांधलेले मूल. बागेत पाऊल टाकताच कामाची वाटणी होते. कात्री पुरुषाच्या हातात. बाई त्याच्या मागून छाटलेल्या काड्या वेचत जाते, मोळी बांधते, बांधावर नेऊन टाकते. संध्याकाळी हिशेब होतो तेव्हा कात्रीचा रोज वेगळा, मोळीचा वेगळा.

गेल्या हंगामात माझ्यासमोर एका बाईने मुकादमाला विचारले, "दादा, मला पण छाटणी शिकवा ना." मुकादम हसला. म्हणाला, "छाटणी म्हणजे काय भाजी चिरणं आहे का? डोळा चुकला तर मालकाचं वर्ष जाईल." बाकीचे पुरुष हसले. दोन-तीन बायकाही हसल्या. मी मात्र ते हसणे घरी घेऊन आले.

छाटणीत कौशल्य आहे हे मी नाकारत नाही. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर नव्या काड्या फुटतात आणि उन्हाळ्यात त्यांच्या डोळ्यांत पुढचा घड आतल्या आत आकार घेतो. ऑक्टोबरला काडीची जाडी बघून, द्राक्षाची जात बघून, घड कितव्या डोळ्यात असेल ते ठरवायचे आणि त्याच्या पुढे काप द्यायचा. काप चुकला तर वेल नुसता पाला देतो. हे ज्ञान आहेच.

पण पुढे दोन महिन्यांनी हीच बाई काय करते ते पाहा. विरळणी! दाटीवाटीने भरलेल्या घडात छोट्या कात्रीचे टोक घालून नेमके जास्तीचे मणी काढायचे. शेजारच्या मण्याला टोक लागले तर डाग पडतो आणि तो घड निर्यातीतून बाद होतो. किती मणी ठेवायचे, कुठले ठेवायचे, पुढे ते फुगल्यावर घडाचा आकार कसा होईल, हे सगळे तिला आधीच दिसावे लागते. याला मात्र कुणी कौशल्य म्हणत नाही. म्हणतात, "बायकांची बोटं नाजूक असतात." म्हणजे पुरुषाला येते ती कला आणि बाईला येतो तो निसर्ग!

आता हत्याराकडे येऊ. छाटणीच्या कात्र्या दोन तऱ्हेच्या असतात. एकीत धारदार पाते दुसऱ्याला घासून पुढे जाते. ओली काडी स्वच्छ कापली जाते. दुसरीत पाते सपाट पट्टीवर आपटते. ती वाळलेल्या लाकडाला ठीक, ओली काडी मात्र चेंगरते. जुन्या जाड खोडाला कात्री लावायचीच नाही, तिथे करवत. हे सगळे बागाईतदार जाणतो आणि वेलीला इजा होऊ नये म्हणून निवडून कात्री घेतो. पण कात्री धरणाऱ्या हाताचे माप कुणी घेतले आहे? मूठ मोठी, स्प्रिंग ताठ. ती बाईच्या हातात दिली की तासाभरात मनगट भरून येते आणि लगेच निकाल लागतो, "हे बायकांचं काम नव्हे." हत्यार चुकीचे, दोष बाईचा!

विरळणीची कात्री तर मी पाहिलेल्या बऱ्याच बागांत बाई स्वतःच घरून आणते. धार गेलेली, खिळा ढिला झालेला. मांडव पुरुषाच्या उंचीचा, म्हणून दिवसभर हात डोक्याच्या वर, मान मागे. छाटणीनंतर डोळे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइड लावतात. त्वचेला आणि डोळ्यांना इजा करणाऱ्या या रसायनाला युरोपीय संघाने 2008 साली मान्यता नाकारली. आपली द्राक्षे त्याच युरोपात जातात, आणि इथे ते लावणाऱ्या हातांत साधे हातमोजे नसतात. हातमोजा हेही हत्यारच आहे, मैत्रिणींनो.

नांगराला बाईने हात लावू नये, ही समजूत आपण जुनी म्हणून सोडून दिली. ती गेलेली नाही. तिने फक्त हत्यार बदलले आहे.

आणि याचा थेट संबंध पैशाशी आहे. 1976 साली समान वेतनाचा कायदा झाला. 2019 च्या वेतन संहितेतही तेच तत्त्व आहे. पण दोन्हीकडे अट एकच : काम सारखे किंवा सारख्या स्वरूपाचे हवे. मग सोपी युक्ती! बाईला कात्री द्यायचीच नाही. काम वेगळे म्हणून रोज वेगळा. कायदा मोडल्याचा ठपकाही येत नाही.

आपणही इथे कमी पडलो. मोर्चात "समान काम, समान दाम" अशी घोषणा दिली, पण काम असमान कोण ठेवते हे विचारले नाही. बचत गटातून बायकांना पापड-लोणची शिकवली. बागेत आयुष्य घालवणाऱ्या बाईला छाटणी शिकवावी, हे आपल्या मनातही आले नाही. "बायका छाटू लागल्या तर पुरुषांचा रोज पडेल" असे टोळीतले पुरुष म्हणतात. रोज पडतो तो बाई स्वस्त ठेवली म्हणून. तिचा रोज बरोबरीचा झाला तर कुणाचाच पडणार नाही.

म्हणून येत्या खरड छाटणीआधी प्रत्येक गटाने एवढे तरी करावे. बायकांसाठी बागेतच छाटणीचे शिबिर घ्यावे. त्यांच्या हाताच्या मापाची कात्री, हातमोजे आणि धार लावण्याचा खर्च मालकाने द्यावा, ही बोली टोळी ठरतानाच करावी. विरळणीला कुशल कामाचा दर मागावा.

ती बाई मला परवा बाजारात भेटली. म्हणाली, "ताई, कात्री केवढ्याला मिळते?" मी किंमत सांगितली. ती गप्प झाली. तिच्या कित्येक दिवसांच्या रोजाची ती कात्री आहे. ती तिने एकटीने विकत घ्यायची, की आपण सगळ्यांनी मिळून मिळवायची?