मागचं चाक तिरपं का?

चप्पल झिजली की ती कुठून झिजली हे आपण बायका लगेच बघतो. टाचेला बाहेरून झिजली असेल तर चालण्यात काहीतरी फरक आहे, हेही आपल्याला कळतं. दारातल्या चारचाकीच्या टायरकडे मात्र आपण असं कधी बघत नाही. मीही बघत नव्हते. दसऱ्याला गाडी धुतली, चारही चाकांना हळद-कुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, हार घातला. टायर बाहेरून कसे छान, नक्षी ठसठशीत दिसत होती. आतली बाजू बघायची असते, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

दिवाळीनंतर नणंदेच्या सुनेला तपासणीसाठी अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात न्यायचं होतं. तिला सातवा महिना. बीडहून मांजरसुंबा, नेकनूर, केज करत आम्ही चार बायका आणि गाडी चालवायला आमचे हे, असे गेलो आणि रात्री परतलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मागचं डावं चाक बसलेलं. पंक्चरच्या दुकानातल्या मुलाने चाक खोललं, उलटं केलं आणि म्हणाला, “काकू, हे बघा. ह्याच्यावर गाडी चालवली तुम्ही?”

टायरची आतली कड पार गुळगुळीत झाली होती. एका ठिकाणी तर रबर संपून आतल्या तारा दिसत होत्या. खिळा लागला म्हणून कळलं, नाहीतर त्याच टायरवर आम्ही पुन्हा मांजरसुंब्याचा घाट उतरलो असतो. माझ्या तर पोटात गोळाच आला.

मला कोड्यात टाकलं ते वेगळ्याच गोष्टीने. तीनच महिन्यांपूर्वी आम्ही अलाइनमेंटचे पैसे दिले होते. पावती फायलीत होती. ती घेऊन गॅरेजमध्ये गेलो, तर उत्तर मिळालं, “वहिनी, ह्या गाडीचं मागचं चाक तसंच असतंय. मागचं अलाइनमेंट नसतंच. आपण पुढचं केलंय.”

‘तसंच असतंय.’ हे वाक्य बायकांना नवीन नाही. कंबर दुखते म्हटलं तरी हेच, थकवा येतो म्हटलं तरी हेच. बचत गटाच्या कामात मी हे इतक्यांदा ऐकलंय, की आता ते ऐकलं की मला पुढचा प्रश्न विचारावासाच वाटतो. म्हणून या वेळीही विचारला. माझा भाचा आयटीआयला मोटार मेकॅनिक झालाय. त्याला घरी बोलावलं, गाडीमागे सपाट जागेवर पाट टाकून बसले आणि म्हटलं, मला समजेल असं सांग.

त्याने सांगितलेलं इथे लिहिते. गाडी नुसती चालवणाऱ्यांनाच नव्हे, गाडीत बसणाऱ्यांनाही हे ठाऊक असावं असं मला वाटतं.

गाडीच्या मागे बसून बघितलं तर पुष्कळ गाड्यांची मागची चाकं वरच्या बाजूला किंचित आत झुकलेली दिसतात. या उभ्या कलाला कॅम्बर म्हणतात. हा दोष नाही, तो कारखान्यातूनच दिलेला असतो. वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला कलते आणि बाहेरचं चाक आपल्या बाहेरच्या कडेवर जाऊ पाहतं. आधीच थोडं आत झुकलेलं असलं की ते त्या क्षणी रस्त्यावर सपाट बसतं आणि गाडीचा मागचा भाग घसरत नाही. डोक्यावर घागर घेतली की आपण नाही का पाय थोडे फाकवून उभ्या राहत, तसंच काहीसं. एखाद-दीड अंशाचा असा कल रोजच्या छोट्या गाड्यांत सर्रास असतो. त्याने आतली कड थोडी जास्त झिजते, पण हळूहळू.

मग आमचा टायर एवढा कसा खाल्ला गेला? त्याचं कारण दुसरं, त्याला म्हणतात टो. टो म्हणजे पायाचं बोट. आपण चालताना पावलं आत किंवा बाहेर वळवून टाकतो, तशी चाकंही वरून बघितलं तर आत किंवा बाहेर वळलेली असू शकतात. चाक असं तिरपं असलं की ते नुसतं फिरत नाही, फिरता फिरता आडवं फरफटतंही. भाच्याने हिशेबच करून दाखवला. चाक एक अंशाने तिरपं असेल तर दर किलोमीटरला ते सुमारे 17 मीटर आडवं घासत जातं. म्हणजे 100 किलोमीटरच्या प्रवासात जवळजवळ पावणेदोन किलोमीटर! विळी दगडावर घासावी तसं रबर घासलं जातं. कॅम्बर आणि टो दोन्ही बिघडले की तर आतली कड बघता बघता संपते.

आता गॅरेजवाल्याच्या उत्तराकडे येते. ते पूर्ण खोटं नव्हतं, अर्धं खरं होतं. बोलेरो, सुमोसारख्या गाड्यांना मागे सलग कणा आणि पाटे असतात. त्यांची मागची चाकं सरळच उभी असायला हवीत. ती झुकलेली दिसली तर कणा वाकलाय किंवा बेअरिंग ढिलं झालंय असं समजायचं. स्विफ्ट, डिझायर, आय-20 अशा गाड्यांना मागे दोन्ही चाकांना जोडणारा एक आडवा बीम असतो. त्यात कॅम्बर आणि टो कारखान्यातच ठरवलेले असतात, फिरवायला बोल्ट नसतो. काही महागड्या गाड्यांत तो असतो. आणि 1998 साली आलेली, 2018 मध्ये बंद झालेली आपली इंडिका आठवा. तिची मागची दोन्ही चाकं स्वतंत्र आर्मवर होती. माणसं आणि सामान ठासून भरलं की ती चाकं कशी फाकल्यासारखी दिसायची! तो तिच्या रचनेचाच भाग होता, पण रोजच्या ओझ्याने स्प्रिंग बसली की रिकाम्या गाडीचीही चाकं तशीच राहायची.

म्हणजे आमच्या गाडीत मागचं अलाइनमेंट फिरवता येत नाही, हे खरं. पण ते मोजता येतं! फिरवता येत नाही म्हणून मोजायचंच नाही, असं थोडंच असतं? ताप आपल्याला कमी करता आला नाही तरी थर्मामीटर लावतोच ना आपण? जे फिरवता येत नाही ते बिघडलं असेल, तर काहीतरी वाकलंय किंवा झिजलंय, एवढं तरी त्यातून कळतं. खड्ड्यात जोरात आदळणं, दुभाजकाला चाक घासणं, बीमचे रबरी बुश जाणं, बेअरिंग ढिलं होणं, स्प्रिंग बसणं, नेहमीच जादा वजन भरणं ही त्याची कारणं.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. गाडी सरळ कुठे जाणार, हे मागची चाकं ठरवतात. ती तिरकी असतील तर गाडी खेकड्यासारखी चालते आणि सरळ रस्त्यावरही स्टेअरिंग वाकडं धरावं लागतं. म्हणून आधी मागचं मोजायचं आणि त्याला धरून पुढचं जुळवायचं, हा खरा क्रम. नुसतं पुढचं बघून दिलेली ‘अलाइनमेंट’ची पावती म्हणजे अर्धंच काम.

शेवटी आम्ही चारही चाकं मोजणाऱ्या ठिकाणी गेलो. यंत्रातून कागद निघाला. मागच्या डाव्या चाकाचे आकडे लाल. पावसाळ्यात पाण्याने भरलेल्या एका खड्ड्यात गाडी जोरात आदळली होती, ते तेव्हा यांना आठवलं. बीम वाकला होता. आधीच्या एकाने “ठोकून सरळ करून देतो” असंही सांगितलं होतं. भाच्याने साफ नको म्हटलं, कारण वाकलेला भाग ठोकून सरळ केला की तो आतून कमजोर होतो. थोडाच फरक असेल तर काही गाड्यांत पातळ पट्टी, म्हणजे शिम, घालून भागतं. आमचं भागलं नाही, बीम बदलावा लागला. खर्च बोचला, नाही असं नाही. पण नवे टायर घालून पुन्हा तेच झालं असतं, तर तो खर्च कितव्यांदा केला असता?

मैत्रिणींनो, गाडीच्या कर्जाच्या कागदावर सही करताना आपण असतो. हप्ता भरता यावा म्हणून घरखर्चाला कात्री आपण लावतो. मग त्याच गाडीच्या टायरबद्दल दोन प्रश्न विचारले की “तुम्हाला काय करायचंय त्यातलं?” असं का ऐकावं? हे पुरुषांचं शास्त्र नाही. यात झिजणं आहे, कलणं आहे, घासणं आहे, आणि हे सगळं आपण रोज बघतो.

लक्षात ठेवायच्या गोष्टी थोड्याच आहेत. टायर मधोमध झिजला तर हवा जास्त. दोन्ही कडांनी झिजला तर हवा कमी किंवा ओझं फार. एकाच कडेने झिजला तर चाकाचा कोन तपासा. मागच्या टायरची आतली बाजू बाहेरून दिसत नाही, म्हणून महिन्यातून एकदा, गाडी बंद करून, मोबाइलच्या उजेडात ती बघा. हात फिरवणार असाल तर बेतानेच, तारा बाहेर आलेल्या असू शकतात. नक्षीच्या खोबणीत लहान उंचवटे असतात. रबर त्यांच्या बरोबरीला आलं की खोबण 1.6 मिलिमीटरच उरली, म्हणजे टायर संपला. आणि अलाइनमेंट करून घेताना चारही चाकांचा, आधीचा आणि नंतरचा, असा छापील कागद मागा. मागची चाकं मोजत नाही म्हणाले, तर दुसरीकडे जा.

ज्यांच्याकडे स्वतःची गाडी नाही, त्यांनाही हे लागू आहे. लग्नाला, परळीला वैजनाथाच्या दर्शनाला किंवा दवाखान्यात जायला आपण भाड्याची गाडी ठरवतो. एसी आहे का, किती माणसं बसतील, दर काय, हे सगळं विचारतो. निघायच्या आधी मागे वाकून टायर बघायला दोन मिनिटं लागतात. ड्रायव्हर हसेल. हसू द्या.

आमच्या गटाच्या पुढच्या बैठकीला मी तो खराब टायर घेऊन गेले. बायकांनी आधी बाहेरची बाजू बघितली, मग आतली. एकदम शांतता झाली. मग एकीने विचारलं, “ताई, आमच्या काळी-पिवळीचं कोण बघतं?” त्या दिवशी बैठक संपल्यावर आम्ही पाचजणी थांब्यावर गेलो आणि पहिल्याच जीपच्या मागे वाकून बघितलं.