उपवासाला औषध चालते

आषाढी एकादशीला चातुर्मास सुरू होतो आणि श्रावणी सोमवार, हरितालिका, नवरात्र अशी उपवासांची मालिकाच लागते. उपवासाला काय चालते, याची चर्चा घरोघरी बारकाईने होते. साबुदाणा चालतो, वरीचे तांदूळ चालतात, रताळे चालते. मधुमेहाचे औषध चालते की नाही, हे मात्र बहुधा रुग्ण कोणालाही न विचारता स्वतःच ठरवून टाकतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. हा प्रश्न म्हणूनच घराघरांचा आहे.

येथे दोन प्रकारच्या चुका होतात. पहिली म्हणजे, ‘आज जेवणच नाही, मग गोळी कशाला?’ असे म्हणून औषध बंद करणे. पोट रिकामे असले तरी यकृत रक्तात साखर सोडतच असते. शिवाय साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्टमय पदार्थ. खिचडीची वाटी आणि बटाट्याची भाजी साखर झपाट्याने वाढवतात. दुसरी चूक म्हणजे निर्जळी उपवासातही नेहमीचीच मात्रा घेणे. ग्लिमेपिराईडसारखी गोळी अन्न मिळो वा न मिळो, शरीराला इन्सुलिन स्रवायला लावते. साखर एकदम उतरते. घाम येतो, हातपाय थरथरतात, बोलण्यात गोंधळ होतो आणि प्रसंगी शुद्धही हरपते.

म्हणजे औषध सोडणेही घातक आणि विचार न करता घेणेही घातक. मेटफॉर्मिन एकट्याने साखर सहसा फार खाली नेत नाही. इन्सुलिनची मात्रा बदलावी लागते, परंतु ते पूर्णपणे थांबवणे धोक्याचे असते. डापाग्लिफ्लोझिनसारख्या औषधांबाबत निर्जळी उपवासात विशेष सावधगिरी हवी. हा हिशेब प्रत्येक रुग्णाचा निराळा असतो. तो उपवासाच्या दिवशी सकाळी नव्हे, तर काही आठवडे आधी डॉक्टरांसमोर मांडला पाहिजे. इन्सुलिनवर जगणारे रुग्ण, गर्भवती मधुमेही आणि मूत्रपिंडाचा विकार जडलेले यांनी तर उपवास करावा की नाही, हेच आधी विचारावे.

औषधाने व्रत मोडते, ही धास्ती तरी खरी आहे काय? महाभारतातील विदुरनीतीत व्रताचा भंग न करणाऱ्या आठ गोष्टी सांगितल्या आहेत. त्यांत पाणी, फळे, दूध यांबरोबर औषधही आहे. रमजानच्या रोज्यांबाबत कुराणाच्या दुसऱ्या अध्यायात आजारी व्यक्तीला ते दिवस पुढे भरून काढण्याची मुभा दिलेली आहे. धर्माने दिलेली सवलत माणसाने स्वतःहून नाकारावी, यात श्रद्धेपेक्षा भिडेचा भाग अधिक असतो. ‘घरचे काय म्हणतील’ या संकोचापायी कित्येक गृहिणी चक्कर येत असतानाही उपवास सोडत नाहीत.

ही भीड दूर करणे कुटुंबाच्या आणि सहकाऱ्यांच्या हाती आहे. उपवासाच्या दिवशी ग्लुकोमीटरने साखर तपासावी. ती ७० च्या खाली गेली, तर तत्क्षणी उपवास सोडून तीन लहान चमचे साखर पाण्यातून घ्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. ३०० च्या वर गेली तरीही उपवास थांबवून डॉक्टरांना विचारावे. शाखेत काउंटरवर बसलेल्या उपवासकऱ्याला घाम फुटला, तर शेजारच्याने तो उकाड्याचा समजू नये.

कर्जाचा एखादा हप्ता चुकला तर त्याच दिवशी घरावर टाच येत नाही. पण चुकलेल्या हप्त्यांची बेरीज कधीतरी समोर येतेच. डोळे, मूत्रपिंडे आणि पाय यांच्या बाबतीत चुकलेल्या गोळ्यांचा हिशेबही असाच होतो. व्रत म्हणजे नियम. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या मात्रेत औषध घेणे हाही त्या नियमाचाच भाग मानला, तर उपवासाचे पुण्यही पदरी पडेल आणि पारण्याचा घासही सुखाने घेता येईल.