भाकर, अणू आणि धर्मसत्ता

गॅलिलिओचे नाव निघाले की विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत (आणि, का लपवावे, प्राध्यापकांच्या टिपणांतही) एकच चित्र उभे राहते : दुर्बीण रोखलेला विवेकी शास्त्रज्ञ आणि समोर डोळे मिटून बसलेले धर्ममार्तंड. हे चित्र फार सोयीचे आहे, आणि आमचा आक्षेप नेमका त्या सोयीलाच आहे. आकाशाच्या वादात जडद्रव्याचा वाद पार झाकला गेला.

ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५५१ मध्ये निर्णय दिला, की मिस्साविधीत भाकरीचे द्रव्य पालटून ख्रिस्ताचे शरीर होते. भाकरीची बाह्य रूपे तेवढी उरतात. रंग, चव, वास द्रव्यावाचून कसे टिकतात, याची संगती धर्मपंडित अॅरिस्टॉटलच्या परिभाषेत लावत. १६२३ मध्ये ‘इल साज्जातोरे’त गॅलिलिओने प्रतिपादन केले, की वस्तूच्या ठायी आकार, संख्या, गती असतात, रंग, चव, वास ही वस्तूपुरती केवळ नावे. अनुभवणारा जीव वजा केला की तीही संपली. मग भाकरीचे ‘उरते’ ते काय? जेझुइट ओराझिओ ग्रास्सीने १६२६ मध्ये हीच शंका काढली : नुसती नावे टिकवण्यासाठी ईश्वराने चमत्कार करावा काय? या शंकेला धर्मवेड म्हणून हसणाऱ्यांनी ती समजूनच घेतलेली नाही, असे आम्हांस वाटते. (रस नटाच्या ठायी की रसिकाच्या, यावर तास रंगवणाऱ्या आमच्या व्यवसायबंधूंना तरी ती परकी वाटू नये!)

म्हणून धर्मसत्तेचे वकीलपत्र आम्ही घेतलेले नाही. शंका काढणे निराळे, तोंड दाबणे निराळे. १६२४ मध्ये पॅरिसमध्ये अॅरिस्टॉटलविरोधी १४ प्रमेयांवरील जाहीर वादसभा होऊ दिली गेली नाही. प्रमेयकर्त्यांना शहराबाहेर घालवले, आणि मान्यवर प्राचीनांविरुद्ध शिकवणाऱ्यास तिथल्या पार्लमाँने देहदंड फर्मावला. देकार्तने आपल्या द्रव्यविचाराशी भाकरीची संगती लावून दाखवली. तरीही १६६३ मध्ये त्याचे ग्रंथ निषिद्ध सूचीत गेलेच. गासेंदी स्वतः धर्मगुरू. अणू अनादी नसून ईश्वरनिर्मित आहेत, अशी तडजोड करून तो निभावून गेला.

अलीकडे काही अभ्यासू मित्र दुसऱ्या टोकाला गेले आहेत. पिएत्रो रेदोंदी या इतिहासकाराने १९८३ मध्ये असा सिद्धान्त मांडला, की १६३३ च्या खटल्यामागचे खरे, दडवलेले कारण अणुवाद हेच होते. कथानक म्हणून ते वेधक आहे, आणि साहित्याच्या माणसांना दडवलेल्या कारणांची ओढ अंमळ जास्तच. पण बहुतेक इतिहासकारांनी ते स्वीकारलेले नाही. निकालपत्रात अणूंचा उल्लेखही नाही. आहे तो सूर्याच्या स्थैर्याचा आणि पृथ्वीच्या गतीचा.