विलास घोगरेंची गाणी

कांदिवली आणि मुलुंड यांच्यामध्ये राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे. पलीकडच्या मुलुंडच्या वस्तीत राहिलेले शाहीर विलास घोगरे इकडे फारसे कुणाला आठवत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. आनंद पटवर्धनांच्या १९८५ च्या ‘हमारा शहर’ या माहितीपटात त्यांचा आवाज आहे. झोपड्या पाडणाऱ्या शहराची कहाणी ते हिंदीत गातात, आणि त्यात कुठेही दयेची याचना नाही. गरिबी मात्र पाठ सोडत नव्हती. आव्हान नाट्य मंच या डाव्या कलापथकातून त्यांना काढून टाकलं गेलं. ज्यांच्यासाठी गळा झिजवला त्यांनीच दूर लोटणं शाहिराला किती लागलं असेल! ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगर या दलित वस्तीत पोलिसांच्या गोळीबारात दहा जण गेले. त्या धक्क्याने चारच दिवसांनी घोगरेंनी स्वतःला संपवलं. घराच्या भिंतीवर आंबेडकरी एकजुटीचा जयजयकार लिहिलेला होता. पटवर्धनांनी पुढे चौदा वर्षं खपून ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट केला, तो या मित्राच्या मृत्यूमुळे. पण घोगरेंच्या मृत्यूवरच आपण थांबतो. आधी गाणी ऐका. त्यांतला ठसका आणि धारदार शब्द पोरांच्या कानांवर पडू द्या.