वजन घटलं, पण वर्षभरात परत का वाढतं?

वजन कमी करणाऱ्या इंजेक्शनांची चर्चा सध्या सगळीकडे आहे. मार्च २०२५ मध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही भारतात आलं. तेव्हापासून 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो रील्सवर सतत दिसतात. पण 'नंतर'च्या पुढे काय होतं?

वेगोव्हीतल्या सेमाग्लुटाइड या औषधाच्या चाचणीत याचं उत्तर मिळतं. ६८ आठवड्यांत लोकांचं वजन सरासरी १७ टक्के घटलं. मग इंजेक्शन आणि आहार-व्यायामाचं मार्गदर्शन, दोन्ही थांबलं. वर्षभरात घटलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश वजन परत आलं.

इच्छाशक्ती कमी पडते का?

आपल्याकडे याचं उत्तर लगेच दिलं जातं: "जिभेवर ताबा नाही." विज्ञान मात्र वेगळं सांगतं. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियात झालेल्या अभ्यासात, डाएटनंतर वर्ष उलटलं तरी भूक वाढवणारी हार्मोन्स पूर्ववत झाली नव्हती. अमेरिकेतल्या 'द बिगेस्ट लूझर' या टीव्ही शोमधल्या १४ स्पर्धकांना सहा वर्षांनी तपासलं, तेव्हा त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. म्हणजे भूक जास्त आणि खर्च कमी.

मग मनाचा भाग कोणता?

पहिली गोष्ट कौतुकाची. वजन घटताना काटा खाली येतो, लोक विचारतात, "काय करतेस गं?" वजन टिकवताना काटा हलत नाही आणि कुणी विचारतही नाही. मेहनत तीच, शाबासकी शून्य.

दुसरी गोष्ट 'सगळं किंवा काहीच नाही' या विचाराची. लग्नात दोन जिलब्या खाल्ल्या की वाटतं, आता मोडलंच आहे, तर सोमवारपासून बघू. मानसशास्त्रज्ञ जॅनेट पोलिव्ही आणि पीटर हर्मन यांनी या 'जाऊ दे खड्ड्यात' वृत्तीचा अभ्यास केलाय. नुकसान दोन जिलब्यांनी होत नाही, त्यानंतरच्या चार दिवसांनी होतं.

तिसरी गोष्ट टोमण्यांची. "परत जाड झालीस!" ऐकून माणूस जिमला जातोच असं नाही. अनेकदा तो वजनकाटा आणि डॉक्टर दोघांनाही टाळू लागतो.

ज्यांना जमतं, ते काय करतात?

अमेरिकेत १९९४ पासून अशा लोकांची नोंद ठेवली जाते. किमान १३.६ किलो घटवून ते वर्षभर टिकवलेल्यांनाच त्यात प्रवेश मिळतो. यातले बहुतेक जण रोज साधारण तासभर व्यायाम करतात आणि आठवड्यातून एकदा तरी वजन करतात. सुट्टीच्या दिवशीही खाण्याची पद्धत फार बदलत नाहीत, असं करणाऱ्यांचं वजन जास्त टिकलेलं दिसलं. हे स्वतःहून नाव नोंदवलेले लोक आहेत, त्यामुळे सगळ्यांना हेच लागू पडेल असं नाही. पण यात कुठलंही ४० दिवसांचं चॅलेंज नाही, हे लक्षात घ्या.

तुमच्यासाठी याचा अर्थ काय?

घटवणं आणि टिकवणं ही दोन वेगळी कामं आहेत. डाएट किंवा इंजेक्शन सुरू करतानाच डॉक्टरांना विचारा: हे किती काळ चालणार, आणि थांबवलं तर पुढे काय? इंजेक्शन स्वतःच्या मनाने सुरू किंवा बंद करू नका. आणि दोन किलो परत आले, तर 'ये रे माझ्या मागल्या' म्हणत सगळं सोडण्याऐवजी त्याच आठवड्यात मदत घ्या. दोन किलोंवर बोलणं दहा किलोंपेक्षा सोपं असतं.